पेणकर, तुझा रेडिओ उघडला

पेणकर, काल तुझं तेरावं झालं. पंगतीत तिघांनी तुझ्या कानाचं कौतुक केलं. "दत्ताभाऊंचा कान म्हणजे काय कान होता," असं तुमच्या आळीतले मास्तर म्हणाले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी भात कालवत राहिलो. गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द जास्तीचे बोलायची रीत आहे, मान्य. पण त्यालाही काही सुमार असावा. तबला कुठला आणि ढोलकी कुठली हे तुला पन्नाशी उलटल्यावरही सांगता येत नव्हतं. आरतीत तू सूर लावलास की माझी सुमन टाळ जोरात वाजवायची, ते कशासाठी हे तुला कधी कळलं नाही. गाणं कुठलंही असो, तुझं एकच, "बेस हाय." कानाचं म्हणे कौतुक.

तू माझा साडू. तुझी कुसुम थोरली, माझी सुमन धाकटी, म्हणून सासरवाडीत पहिलं पान तुझं, पहिली गरम पोळी तुझी आणि सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची तुझी. तू पेणला गणपतीचा कारखाना चालवणारा, मी रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्त करणारा. आपण एकमेकांना नावाने कधी हाक मारली नाही. तू मला रोहेकर म्हणायचास, मी तुला पेणकर. एकदा सासऱ्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "रोहेकर, रेडिओ उघडून पोट भरतं का हो?" मी काही बोलायच्या आत तू मध्ये पडलास. "भरतं म्हंजे? व्हॉल्व्हच्या रेडिओला हात लावणारा आख्ख्या कुलाबा जिल्ह्यात हा एकच माणूस हाय." मला त्याचाही राग आला. माझी बाजू घ्यायला तुला कोणी सांगितलं होतं?

आणि ती तुझी काळी विलायती गाडी. रोह्यातल्या एका बेने इस्राएली, म्हणजे इथल्याच ज्यू तेलवाल्यांची. घरातली माणसं एकेक करून तिकडे इस्राएलला गेली, आणि शेवटचा म्हातारा निघताना गाडी तुझ्या वडिलांच्या हवाली करून गेला. तिच्या डॅशबोर्डात मूळचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. दोन हस्तिदंती बटणं, मध्ये काटा, खाली जाळी. चालू केला की जाळीच्या फटींतून आतल्या व्हॉल्व्हच्या काचनळ्यांचा मंद नारिंगी उजेड दिसायचा, आणि व्हॉल्व्ह तापून आवाज यायला चांगलं एक मिनिट लागायचं. तेवढा वेळ तू गाभाऱ्याबाहेर उभा असल्यासारखा बसायचास. मला हसू यायचं. एवढं मिनिटभर थांबून ऐकायचं काय, तर मुंबई केंद्रावरचे बाजारभाव.

दर वर्षी आमच्या घरचा गणपती तू त्याच गाडीतून आणायचास. मागच्या सीटवर पाटावर मूर्ती, तोंडावर रुमाल, आणि तू पेणहून वडखळ, नागोठणं, भिसे खिंड करत बैलगाडीच्या चालीने रोह्याला. खिंडीत शिरलं की रेडिओ खरखरायला लागायचा आणि स्टेशन जायचं. ते तुला खुपायचं. देव मागे बसलेला असताना खरखर नको, असं तुझं म्हणणं. म्हणून तू एके दिवशी माझ्या दुकानात वॉकमन घेऊन उभा राहिलास. कोकण रेल्वे अजून सुरू झाली नव्हती, आमचं रोहं म्हणजे तेव्हा लाइनीचं शेवटचं टोक, आणि ज्याला त्याला गाडीत कॅसेट हवी झाली होती. मी हप्त्याला दोन-दोन डॅशबोर्ड कापून टेप बसवत होतो.

"रोहेकर, कॅसेट वाजली पायजे, पण याच रेडिओतून," तू म्हणालास. "पत्र्याला करवत लावायची नाय."

"मग वाजवायची कशी? रेडिओच्या कानात सांगायची?"

"तुझं काम ते. जमंल का नाय ते बोल."

मी तासभर तुझ्याशी वाद घातला. तोंड जुनं ठेवायचं आणि आत गळा नवा घालायचा, याला ओरिजिनल कोण म्हणेल, असं मी विचारलं. तू म्हणालास, मूर्तीच्या पोटात काय आहे ते कोण बघतं, लोक डोळे बघतात. कारखान्यात डोळ्यांची आखणी तू दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाहीस, म्हणून जगातल्या सगळ्या प्रश्नांना तुझं हेच उत्तर. मला ते उत्तर तेव्हाही बिनडोक वाटलं होतं.

काम अवघड नव्हतं. रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे दोन वायरी कथलाने डाखायच्या, त्या बाहेर काढायच्या, वॉकमनला जोडायच्या. वॉकमनमधलं गाणं व्हॉल्व्हमधून फिरून त्याच जुन्या स्पीकरला. मी ते केलं आणि वाजलंही. तू मूर्तीचे रंग आणायला बाजारात गेला होतास. मला वाटलं, हा कंजूष माणूस दर वेळी सेल विकत घेताना कुरकुरणार, त्यापेक्षा वॉकमनला गाडीच्याच बॅटरीवर टाकावं. माझी हुशारी. त्या जुन्या विलायती गाड्यांत उलटी रीत असते, बॅटरीचं अधिक टोक पत्र्याला बांधलेलं असतं. हे मला पोरवयापासून पाठ होतं. रोज मी नव्या गाड्या करत होतो, हात सवयीने चालला आणि मी जोडणी उलटी केली. रेडिओच्या पोटात वायर लाल झाली, धूर आला, कॉइलवरचा कागद पेटला. आणि मग, पेणकर, आख्ख्या कुलाब्यातल्या एकुलत्या एका व्हॉल्व्हवाल्याने काय केलं, तर शेजारच्या चहावाल्याचा पाण्याचा तांब्या उचलून आत ओतला. तापलेली काच. चारही व्हॉल्व्ह तडतड फुटले. नवशिक्यासुद्धा असं करत नाही.

तू परत आलास तेव्हा जाळीवर मी फडकं टाकलं होतं. "आठ दिवस लागतील, व्हॉल्व्ह जरा थकलेत," असं मी म्हणालो. तू फक्त नाक वर करून हवा हुंगलीस आणि म्हणालास, "घे की, दहा घे."

ते व्हॉल्व्ह मुंबईतही मिळाले नाहीत. दोनदा जाऊन आलो. मग मी एका मोडक्या टू-इन-वनचं, म्हणजे टेप आणि ट्रान्झिस्टरच्या जोडसेटचं, पोट काढलं, लाकडाच्या फळीवर ठोकून तुझ्या रेडिओच्या डब्यात बसवलं, काटा दोरीने जोडला, आणि जाळीमागे गाडीच्या मीटरमधल्या दिव्याचा एक बारीक बल्ब लावला, उजेड दिसावा म्हणून. डबा बंद करून चारही स्क्रूंवर सुमनचं लाल नेलपॉलिश टेकवलं. आमच्या धंद्यात ते सील असतं, कोणी उघडलं तर कळतं. "नखाला लावायचं ते रेडिओला कशाला गो बाय," असं सुमन स्वतःशीच म्हणाली. तुला मी एवढंच सांगितलं की वॉकमन सेलवरच चालवायचा आणि लाकडी पाटावर ठेवायचा, पत्र्याला लागू द्यायचा नाही. तू खरंच एक छोटा पाट करून आणलास, रंगवलेला. लोकांना वाटायचं वॉकमनची पूजा आहे.

तुला खरं सांगायचं मी ठरवलं होतं, निदान गाडी परत द्यायच्या दिवशी तरी. पण तू गाडीत बसलास, कॅसेट लावलीस, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "बघ, व्हॉल्व्हचा आवाज तो व्हॉल्व्हचा. ट्रान्झिस्टरला याची सर नाय." मोडक्या टू-इन-वनचा आवाज ऐकून. त्या क्षणी माझी लाज संपली आणि तुझी कीव सुरू झाली. सहा वर्षं पुरली मला ती. सासरवाडीत तुला पहिलं पान मिळालं की मी मनात म्हणायचो, वाढा, वाढा, बहिऱ्याला वाढा.

आणि तुझं ते मिनिट. नव्या पोटाला तापायचं कारणच नव्हतं, बटण दाबलं की आवाज. पण कोणी पाहुणा गाडीत बसला की तू आवाजाचं बटण शून्यावर ठेवून रेडिओ चालू करायचास, हात वर करून सगळ्यांना थांबवायचास आणि म्हणायचास, "थांबा, व्हॉल्व्ह गरम होऊ दे." मिनिट झालं की हळूहळू बटण फिरवायचास. मी मागे बसून बघायचो. मला वाटायचं, किती ही सवयीची गुलामी, या माणसाला आवाज कधीपासून तयार आहे तेही कळत नाही. एकदा घरी येऊन सुमनला मी नक्कल करून दाखवली. ती हसली नाही.

तो पुण्याचा जुन्या गाड्यांचा शौकीन आठवतो ना? पांढरा झब्बा, गळ्यात चष्म्याची दोरी. गाडीत बसून त्याने टू-इन-वन ऐकला, मान मागे टाकली आणि म्हणाला, "हा गोडवा, हा गोडवा आता कुठे राहिलाय." मला वाटलं, पुण्याला जाऊन याचे कान धुऊन आणावेत. पण मग त्याने खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. "मला फक्त आतले व्हॉल्व्ह पाहायचेत. दोन मिनिटं." मी तिथेच उभा होतो. माझं सगळं नाव त्या डब्यात होतं. तुझ्या बडबडीमुळे महाडपासून, अलिबागपासून माणसं जुने सेट घेऊन माझ्याकडे यायची, आणि डबा उघडला असता तर मी उद्यापासून कोण होतो?

तू त्याचा हात धरलास. "आमच्याकडं मूर्ती जागेवर बसेपर्यंत तोंडावरचा रुमाल कोन काढत नाय," तू म्हणालास. "हे तसं समजा. याला रोहेकरच हात लावणार. दुसरं कोन नाय."

तो हिरमुसून गेला. मी तुला मनात शिव्या घातल्या. रेडिओला देव करतोय, म्हटलं, काय हा अडाणीपणा.

यंदा गणपती घेऊन येताना रेडिओ नागोठण्याच्या पुढे बंद पडला. तू आमच्या दारात गाडी थांबवलीस. मूर्ती आत गेली, आरती झाली, प्रसाद झाला आणि तू मला बाहेर घेऊन आलास. "रोहेकर, उघड की. मी हितंच बसतो." मी म्हणालो, आज सणाचा दिवस, हत्यारं दुकानात आहेत. जेवण झाल्यावर तू परत म्हणालास. निघताना गाडीत बसून काच खाली केलीस आणि तिसऱ्यांदा म्हणालास, "माझ्यासमोर उघडला असतास तर बरं झालं असतं." तुझा चेहरा उतरलेला होता, पण मी बघितलं नाही. तुझ्यासमोर तो डबा उघडायचा म्हणजे सहा वर्षांचं सगळं उघडं पडणार होतं. मी म्हणालो, "बघू, विसर्जन होऊ दे." विसर्जन झालं आणि चौथ्या दिवशी तुझ्या नितीनचा फोन आला की बाबा गेले.

परवा कुसुमवहिनींनी निरोप दिला. तेराव्याला गाडीतला रेडिओ वाजला पाहिजे, आणि तो रोहेकरांनीच उघडायचा, असं ते सांगून गेलेत. मी काल पहाटेच्या गाडीने पेणला आलो. कारखान्यात शुकशुकाट. पुढच्या वर्षीचे साचे भिंतीला लावून ठेवलेले. मी एकटाच गाडीत बसलो आणि आधी स्क्रू बघितले. चारही सील जशीच्या तशी, लाल. जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, बहिरा होता आणि बहिराच गेला.

पहिला स्क्रू फिरवायच्या आधी मी सील नखाने खरवडलं. नेलपॉलिशचा पापुद्रा निघतो. हे भुरभुरलं. बोटाला कुंकवासारखी लाल पूड लागली. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तशीच. तो मूर्तीचा रंग होता, पेणकर, तुझ्या कारखान्यातला. रंगाची छटा, ठिपक्याचा आकार, एका बाजूला सुमनच्या ब्रशचा जो ओघळ आला होता तोसुद्धा तू तसाच काढला होतास.

डबा उघडला. माझी फळी, माझी दोरी, एक वायर सुटलेली. आणि जाळीमागचा बल्ब नारिंगी. मी लावलेला बल्ब साधा होता, पांढरट पिवळा उजेड देणारा. हा काचेवरून एका हाताने, पातळ आणि एकसारखा रंगवलेला होता, डोळ्यांची आखणी करायच्या बारीक ब्रशाने. व्हॉल्व्ह तापतो तेव्हा असाच दिसतो, अगदी असाच. डब्याच्या कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेली एक काडेपेटी होती. तीत चार उडालेले बल्ब आणि दोन नवे, सगळे रंगवलेले. उडालेल्यांपैकी एकाला पिवळ्या वायरचं टोक अजून डाखलेलं होतं. ती वायर माझी. तो मी लावलेला पहिला बल्ब, आणि उडालेला बल्ब कोणी रंगवत बसत नाही. म्हणजे तो उडायच्या आधीच तू रंगवला होतास. म्हणजे पहिल्याच वर्षी.

आवाजातलं तुला काही कळलं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. तुला टू-इन-वन आणि व्हॉल्व्ह यांतला फरक ऐकून कधीच कळला नसता. पण तू जाळीकडे बघितलंस आणि तुला दिसलं की रंग चुकलाय. सहा वर्षांत एकदाही तू बल्ब बदलायला मला बोलावलं नाहीस, आणि बल्ब सहा वर्षं टिकत नाही हे मला, धंदा करणाऱ्याला, सुचलं नाही. माझंच नेलपॉलिश माझ्याच डोळ्यांसमोर दर गणपतीला खोटं होतं आणि मला ते दिसलं नाही. तुझ्या कानावर हसणाऱ्याचे डोळे असे.

मग ते मिनिट आठवलं. पाहुण्यांसमोर शून्यावर ठेवलेलं बटण. पुण्याच्या माणसाचा धरलेला हात. "माझ्यासमोर उघडला असतास तर बरं झालं असतं." तू काय बोलणार होतास ते आता मला कोण सांगणार? हसणार होतास का? "बेस हाय" म्हणणार होतास? मला तुझा फार राग आला, पेणकर. ही कुठली पद्धत झाली? माणसाने चोरी पकडली तर चार शिव्या द्याव्यात, पाणउतारा करावा, मोकळं व्हावं. तू काय केलंस, तर माझी लबाडी सुधारून दिलीस. तीही माझ्यापेक्षा चांगली. मी तुला सहा वर्षं बहिरा म्हणत होतो आणि तू मागे बसलेल्या माझ्याकडे आरशातून बघत बटण शून्यावर धरून बसायचास. रडू आलं ते त्या रागानेच आलं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं.

सुटलेली वायर डाखली. आतला बल्ब शेवटाला आला होता, तो काढून एक नवा तुझ्या काडेपेटीतला लावला. स्क्रू आवळले. सील लावायला तुझ्या टेबलावरचा लाल रंग घेतला, आणि माझ्या हाताने चारही ठिपके बिघडले.

जेवणं झाल्यावर सगळे गाडीभोवती जमले. वहिनी पुढे येऊन बसल्या, मांडीवर तो छोटा पाट, पाटावर वॉकमन. नितीन, मास्तर, आणि तो पुण्याचा शौकीनसुद्धा होता, तेराव्याला झब्बा इस्त्री करून आलेला. खिडकीतून डोकं आत घालून तो हळूच म्हणाला, "आता ते नाहीत. आता तरी व्हॉल्व्ह बघू द्या." पहाटे डबा उघडल्यापासून मी ठरवत होतो की सगळ्यांसमोर खरं सांगायचं, माझं नाव जायचं तर जाऊ दे. माझे ओठ उघडलेही होते. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

मी आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि रेडिओ चालू केला. जाळीच्या फटींतून तुझा नारिंगी उजेड दिसला. नितीन म्हणाला, "काका, आवाज येत नाही." मी हात वर केला.

"थांबा," मी म्हणालो, "व्हॉल्व्ह गरम होऊ दे."